दिवाणातल्या नऊ बाटल्या

गणपती उठले आणि पुढच्याच आठवड्यात भाऊजींचा फोन आला. "वहिनी, डिसेंबरची तारीख धरली. आता ती वाइन काढायला हवी."

कुठली, हे विचारायची गरज नव्हती. 2016 च्या फेब्रुवारीत आम्ही दोन्ही कुटुंबं नाशिकला गेलो होतो. पुतणीची दहावीची परीक्षा तोंडावर, म्हणून ती घरी आजीपाशी, आणि आम्ही चौघं द्राक्षाच्या मळ्यांमधून फोटो काढत हिंडत होतो. एका वायनरीच्या काउंटरवर भाऊजींनी सोव्हिन्यॉन ब्लाँ चाखली, त्यांना ती भयंकर आवडली, आणि त्यांनी आख्खा खोका घेतला. बारा बाटल्या. गाडीत खोका ठेवताना म्हणाले, "पोरीच्या लग्नात फोडू. तोवर मुरेल मस्त."

त्या बारांपैकी एक त्याच रात्री हॉटेलच्या खोलीत संपली. एक आम्हाला भेट मिळाली. ती आमच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यामागे आडवी पडली ती पडलीच. एक त्यांनी बदलापूरच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये, पुतणीच्या ट्रॉफींच्या शेजारी उभी केली. उरलेल्या नऊ दिवाणात गेल्या. गोधड्या, पाहुण्यांच्या उशा आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. साडेआठ वर्षं.

"तुम्ही केमिस्ट आहात," भाऊजी म्हणाले. "जरा बघून सांगा, किती मुरली ते."

किती, एवढंच विचारलं होतं. मुरली की नाही, हा प्रश्नच त्यांच्या मनात नव्हता. त्यांना तरी दोष का द्यावा? पेपरच्या रविवार पुरवणीत पन्नाशीच्या प्रत्येक नटीला 'जुन्या वाइनसारखी' म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. वर्षाचा तांदूळ मोकळा शिजतो, जुनं तूप वैद्य शोधत येतात, लोणचं मुरतं, आसव-अरिष्टं जुनी झाली की गुणाला चढतात. त्यात व्हिस्कीच्या बाटलीवरचा तो 12 चा आकडा. आपल्याकडच्या पिणाऱ्यांचं 'जुनी दारू' या विषयातलं बहुतेक शिक्षण या आकड्यावर झालेलं आहे, आणि तो आकडा कशाचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती बारा वर्षं लाकडी पिंपातली. बाटलीत भरल्या क्षणी व्हिस्कीचं वय वाढायचं थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की कपाटात आणखी वीस वर्षं ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. वाइनचं तसं नाही. ती बाटलीतही बदलत राहते. फक्त बदल कुठल्या दिशेने होणार, हे बाटलीत काय आहे आणि बाटली कुठे आहे यावर ठरतं.

बाटली कुठे आहे, या प्रश्नावर मी थोडं अधिकाराने बोलू शकते. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत, औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. काटई–बदलापूर रस्त्याने रिक्षा आत वळली की वासावरून सांगता यायचं, आज कुठल्या शेडमध्ये काय शिजतंय. लॅबच्या मागच्या खोलीत आमची स्टॅबिलिटी चेंबरं होती. दिसायला मोठ्या फ्रिजसारखी, काम मात्र उलटं. आत 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता. गोळ्यांच्या स्ट्रिपा, सिरपच्या बाटल्या त्यात सहा महिने ठेवायच्या आणि ठरलेल्या तारखांना बाहेर काढून तपासायच्या. शेल्फवर दोन-तीन वर्षांत जे होईल ते चेंबरमध्ये सहा महिन्यांत उरकून घ्यायचं, अशी त्यामागची कल्पना. नवीन मुलगी लागली की तिला मी पहिला धडा द्यायचे तो असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. ढोबळ नियम आहे, पण आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पुरतो.

आता तो वाइनला लावा. युरोपातली तळघरं 12–13 अंशांवर असतात, वर्षभर, दिवसरात्र. बदलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, हे मराठी वृत्तवाहिन्या दर मार्च-एप्रिलला न चुकता दाखवतात. मे महिन्यात रात्रीसुद्धा घामाच्या धारा. पावसाळ्यात चपलांना बुरशी. थंडीचे म्हणून जे पाच-सहा आठवडे मिळतात तेवढेच काय ते. वर्षाची सरासरी 28 अंशांच्या आसपास धरली, तरी बंद दिवाणातली वाइन तळघरातल्या वाइनच्या तिप्पट वेगाने म्हातारी होणार. साडेआठ वर्षं म्हणजे पंचवीस. एकोणीस वर्षं मी ज्या पेटीचं दार उघडत-मिटत होते, त्याच पेटीत आम्ही सगळे राहतो आहोत, हे मला त्या फोननंतर पहिल्यांदा नीट जाणवलं.

आमच्या पट्ट्यात तळघर हा प्रकारच अवघड. बदलापुरात उल्हास नदी आहे. 26 जुलै 2005 ला खालच्या मजल्यांवर पाणी शिरलं होतं, 2019 च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये आख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. इथला माणूस मौल्यवान वस्तू वर ठेवतो, माळ्यावर. आणि माळा म्हणजे घरातली सगळ्यात तापणारी जागा. खरा, बारमाही गारवा मला अंबरनाथमध्ये एकाच ठिकाणी भेटला आहे, शिलाहारांच्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यात. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चं हे देऊळ. सभामंडपातून पायऱ्या खाली उतरतात आणि एप्रिलच्या दुपारीही पावलांना दगड थंड लागतो. तिथे बाटलीचा विचारसुद्धा मनात आणू नये, पण जमिनीखालचा गारवा ही काय चीज असते, हे हवं तर तिथे उतरून बघावं.

तपासायचं तर तुलनेला ताजी बाटली हवी. त्याच वाइनची 2024 च्या हंगामातली बाटली शोधायला मी अंबरनाथ आणि उल्हासनगर मिळून पाच दुकानं फिरले. बाईमाणूस वाइन शॉपच्या काउंटरवर उभी राहून मागचं लेबल वाचते आहे, यावर गर्दीच्या प्रतिक्रिया काय होत्या तो वेगळा लेख होईल. पण एक गोष्ट दिसली. आमच्याकडच्या दुकानांचा गल्ला बिअर आणि व्हिस्कीवर चालतो. व्हाइट वाइन वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, काचेला टेकून उभी असते. एका दुकानात ती रस्त्याकडच्या शोकेसमध्ये होती, पश्चिमेकडे तोंड करून. मागच्या लेबलावर बाटली भरल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तिथे तीन वर्षांपूर्वीचं वर्ष होतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, वाइनला एक्स्पायरी नसते." बिअरबद्दल तो असं म्हणाला नसता. 2022 च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या सगळ्या वादात, ती बाटली दुकानात कुठे आणि किती तापमानात उभी राहणार, यावर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. पाचव्या दुकानात हवी ती बाटली मिळाली, आणि तीही फ्रिजमधली.

एका रविवारी दुपारी भाऊजींकडे टेबल मांडलं. एक मैत्रीण सायन्सचे क्लास घेते, तिच्याकडून ब्युरेट, दोन फ्लास्क, आयोडीनचं द्रावण, स्टार्च आणि सौम्य सल्फ्युरिक अॅसिड आणलं. जाऊबाईंनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि "डाग पडले तर तुम्हीच धुवायचे" असं नवऱ्याला बजावून त्या समोर बसल्या.

चार बाटल्या ओळीने. ताजी, फ्रिजमधली, दिवाणातली एक, शोकेसमधली. सगळ्या स्क्रू-कॅपच्या, त्यामुळे बूच सडण्याचा प्रश्न नव्हता. चार ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवून ओतले, आणि खरं सांगायचं तर रसायनाची गरजच उरली नाही. ताजी जवळजवळ पाण्यासारखी, कडेला किंचित हिरवट. फ्रिजमधली गव्हाच्या काडीच्या रंगाची. दिवाणातली कोऱ्या चहासारखी. शोकेसमधलीही तशीच, थोडी गढूळ.

"बघा," भाऊजी म्हणाले, "रंग कसला चढलाय!"

मी ब्युरेट भरला. वाइन भरताना तिच्यात थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात. ही काही भेसळ नव्हे, जगभरची रीत आहे. बाटलीत शिरलेला, झाकणातून मुंगीच्या पावलांनी शिरणारा ऑक्सिजन वाइनला भिडण्याआधी हा त्याचा बंदोबस्त करतो. म्हणजे बाटलीच्या दारातला वॉचमन. आयोडीन टाकत गेलं की हा वॉचमन आधी आयोडीन खातो; तो संपला की उरलेलं आयोडीन स्टार्चला भेटतं आणि फ्लास्क निळा होतो. किती आयोडीन लागलं त्यावरून वॉचमन किती शिल्लक होता ते कळतं.

ताज्या वाइनला सव्वादोन मिलिलिटर लागलं. थेंब पडायचा, निळा ढग उठायचा, फ्लास्क हलवला की विरायचा. पुन्हा थेंब, पुन्हा ढग. शेवटी निळा रंग टिकला. हिशेबाने लिटरमागे 29 मिलिग्रॅमच्या आसपास. फ्रिजमधल्या बाटलीला एक मिलिलिटरहून थोडं जास्त, म्हणजे साठा निम्म्यावर. मग दिवाणातली घेतली. भाऊजी खुर्ची पुढे ओढून बसले. पहिला थेंब, दुसरा थेंब, तिसऱ्याला फ्लास्क निळा झाला आणि निळाच राहिला. मी हलवला, आणखी हलवला.

"म्हणजे?"

"म्हणजे आत कुणी नाही, भाऊजी."

मग काय होतं, ते सफरचंद कापून टेबलावर विसरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फोड तपकिरी होते. द्राक्षातही त्याच जातीची फिनॉल असतात, ऑक्सिजन लागला की ती तपकिरीकडे वळतात. अल्कोहोलचाही थोडा भाग बदलतो आणि त्याला ठेचाळलेल्या सफरचंदाचा, खवट अक्रोडाचा वास येतो. लोक समजतात तसं त्याचं व्हिनेगर होत नाही. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना भरपूर हवा लागते आणि बंद बाटलीत ती नसते. बाटली नासत नाही, विटत जाते. शोकेसमधलीची तऱ्हा आणखी वेगळी. तिला वर्षानुवर्षं खिडकीचा उजेड मिळाला. उजेडाने वाइनमधल्या रायबोफ्लेविन आणि मेथिओनिन यांच्यात क्रिया होते आणि गंधकाची संयुगं तयार होतात. जाऊबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "कोबी उकडताना झाकण काढलं की येतो तो."

आणि 2016 ला हॉटेलच्या खोलीत जी आम्हाला आवडली होती, ती चव कुठे गेली? आम्हाला चौघांनाही तेव्हा पेरू आठवला होता, पिकलेला, आणि मागे ढोबळी मिरची. सोव्हिन्यॉनचा पेरूचा वास ज्या गंधकी संयुगांचा असतो त्यातलं सगळ्यात मोहक जे आहे, तेच सगळ्यात अल्पायुषी. वर्षा-दोन वर्षांत ते बरंचसं मोडतं, उष्णतेत त्याहून लवकर. यीस्टने आंबताना दिलेले केळ्यासारखे, अननसासारखे वासही असेच उडतात. ढोबळी मिरचीचा वास ज्या रेणूचा, तो मात्र चिवट. म्हणून जुन्या सोव्हिन्यॉनमध्ये फळ निघून जातं आणि भाजी मागे राहते. फ्रिजमधल्या बाटलीत हेच झालं होतं. वाईट नव्हती ती. लिंबाची साल होती, थोडं सुकं गवत होतं, डब्यातल्या वाटाण्यासारखं काहीतरी. पण साडेआठ वर्षांत तिच्यात नवीन एकही गोष्ट आली नव्हती. फ्रिजने म्हातारपण लांबवलं, इतकंच.

तेव्हा भाऊजींनी मोबाइल काढला. त्यांच्याकडे पुरावा होता: दोन हजार वर्षांची वाइन सापडल्याची बातमी. बातमी खरी आहे. स्पेनमधल्या कार्मोना गावात 2019 साली घराचं काम चालू असताना रोमन काळातलं एक थडगं लागलं, त्यात काचेचा कलश होता आणि कलशात सुमारे पाच लिटर लालसर द्रव. कोर्दोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासला आणि 2024 मध्ये जाहीर केलं, की ही वाइन आहे, द्रवरूपात टिकलेली जगातली सगळ्यात जुनी.

"कलशात मृताच्या अस्थी होत्या, हे लिहिलंय का त्यात?" मी विचारलं. "आणि भाऊजी, ती मुळात व्हाइट वाइन होती. तपासणीत निघालं तसं. लाल नंतर झाली."

त्यांनी मोबाइल उलटा ठेवला.

त्यांची बाजू मात्र मी पुढचे दोन-तीन महिने वाचत राहिले, कारण व्हाइट वाइन मुरतच नाही असं म्हणणं हाही अडाणीपणा होईल. गोड वाइन मुरतात. साखर आणि आम्ल दोन्ही भरपूर, म्हणजे आपल्या मोरंब्याचाच न्याय. बाल्टिक समुद्रात ओलांद बेटांजवळ बुडालेल्या एका जुन्या जहाजातून 2010 मध्ये शॅम्पेन निघाली, पावणेदोनशे वर्षांची, आणि ती पिण्याजोगी होती. पण ती भलतीच गोड होती आणि पन्नास मीटर खोल, अंधारात, फ्रिजहून थंड पाण्यात पडली होती. ही उदाहरणं आपल्या कामाची नाहीत. प्रश्न हलक्या, कोरड्या, लाकूड न लावलेल्या व्हाइट वाइनचा आहे.

आणि त्यातही अपवाद आहेत. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी शेनिन ब्लाँ द्राक्षाच्या वाइन होतात, व्हूव्रे आणि साव्हनिएर. कोरड्या असूनही त्या दोन-तीन दशकं सहज काढतात. त्याच नदीच्या मुखाशी मुस्काडे होते, माशांबरोबर प्यायची स्वस्त, पातळ वाइन म्हणून प्रसिद्ध. यीस्टच्या गाळावर ठेवलेली चांगली मुस्काडे दहा-पंधरा वर्षांनी उघडून लोक चकित होतात. जर्मनीची रीस्लिंग जुनी झाली की तिला रॉकेलचा वास येतो, आणि लोक त्याचे जास्त पैसे मोजतात. रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभं राहिलेल्या आमच्या पिढीला हे पटायला जड जाईल, पण आहे ते असं आहे.

सगळ्यांत नवल हंटर व्हॅलीच्या सेमिलॉनचं. हे खोरं ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या उत्तरेला. हवा उष्ण, दमट, ऐन तोडणीच्या दिवसांत पाऊस. वाचता वाचता वाटतं, ही तर आपलीच मंडळी. पावसाच्या भीतीने तिथले लोक द्राक्षं लवकर तोडतात, साखर पुरती भरायच्या आत. त्यामुळे वाइनमध्ये अल्कोहोल जेमतेम 10–11 टक्के आणि आम्ल कडक. पिंप नाही, काही नाही. पहिल्या वर्षी ती लिंबू पिळलेल्या पाण्यासारखी लागते. दहा-पंधरा वर्षांनी तिच्यातून भाजलेला पाव, लोणी, मध असे वास येतात. लाकडाला कधी न शिवलेल्या वाइनमधून. टिरेल्स या घराण्याची व्हॅट 1 नावाची सेमिलॉन 1963 पासून निघते आहे आणि तिचे चाहते ती घेऊन वाट बघत बसतात.

म्हणजे उष्ण प्रदेशातली हलकी कोरडी व्हाइट वाइन मुरू शकते. मग भाऊजींची का नाही?

एक तर हंटरच्या बाटल्या उष्ण खोऱ्यात जन्मतात, पण वाढतात थंड खोल्यांत. दुसरं, आम्ल. वाइनमध्ये आम्ल म्हणजे लोणच्यातलं मीठ. सल्फर डायऑक्साइडसुद्धा कडक आम्लातच नीट काम करतो. आम्ल उतरलं की तेवढ्याच साठ्याची ताकद घटते. आणि आपल्या द्राक्षवेलीचं आयुष्य मुळातच निराळं. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. नाशिकची वेल झोपत नाही, म्हणून बागाईतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. फळ धरतं थंडीत आणि पिकतं जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन चढत असताना. निफाडला पारा एक आकडी होतो तेव्हाच्या रात्री आम्ल राखतात, पण दुपारी ते जळतं. मॅलिक आम्ल उष्णतेत वेल स्वतःच वापरून टाकते. म्हणून व्हाइटची द्राक्षं तोडायची घाई, पहाटेची तोडणी, लगेच थंड करणं, स्टीलच्या थंड टाक्यांत सावकाश आंबवणं. हा सगळा खटाटोप ताजेपणा पकडण्यासाठी आहे.

लग्नानंतर, 2025 च्या फेब्रुवारीत मी पुन्हा नाशिकला गेले ते हे बघायलाच. टाकीखाली उभं राहून अजून गढूळ असलेली वाइन चाखली, तर पेरू अंगावर येतो, इतका. चाखायच्या खोलीत तीन वेगवेगळ्या वायनरींत मी तोच प्रश्न विचारला, आणि तिन्हीकडे मिळालेलं उत्तर एकच होतं: ही वर्ष-दोन वर्षांत प्यायची आहे. एका ठिकाणी तर प्रश्न ऐकून पोरगी हसली. तिथे कुणी काही लपवत नाही. ठेवणीची वाइन आहे असं त्यांनी कधी म्हटलेलंच नव्हतं, ते आपण म्हटलं.

नाशिकच्या वाइनचा इतिहासही तसा कोवळाच. त्याआधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी इंडेज उभी केली आणि ओमर खय्याम नावाची फसफसती वाइन परदेशात पाठवली, त्याचं तेव्हा कोण अप्रूप होतं. नाशिकला राजीव सामंतांनी 1997 मध्ये सोव्हिन्यॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली आणि 2000 साली सुलाच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. म्हणजे नाशिकची सगळ्यात जुनी सोव्हिन्यॉन उघडायची म्हटली तरी ती पाव शतकाची भरेल. कुठली द्राक्षं, कुठल्या मातीतली, किती लवकर तोडून टिकतील, हे वाइनच्या गावांना दोन-तीन पिढ्या घालवल्यावर समजतं. माझा स्वतःचा अंदाज शेनिनवर आहे. त्या द्राक्षात उपजतच आम्ल जास्त. आज ती आपल्याकडे बहुतेक किंचित गोडसर करतात, कारण तशी खपते; कुणी लवकर तोडून, कोरडी करून, 13 अंशांवर पंधरा वर्षं ठेवून बघितली तर मला चाखायला आवडेल. तोवर माझं वय काय असेल तो मुद्दा वेगळा.

पुन्हा त्या रविवारकडे. पाच वाजता फ्लास्क धुऊन झाले. भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी दिवाणाची फळी वर केली, गोधड्या बाजूला सारल्या आणि उरलेल्या आठ बाटल्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. सगळ्यांचा रंग तोच. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "दहावीला होती हो पोरगी." बाटल्या पुन्हा आडव्या ठेवल्या, वर गोधड्या घातल्या, फळी लावली.

लग्नात मांडवात अर्थातच काही नव्हतं. हळदीच्या आदल्या रात्री, घरची पंधरा-वीस माणसं गच्चीवर असताना, 2024 च्या हंगामातल्या सहा बाटल्या बर्फाच्या टबातून निघाल्या. नवऱ्या मुलीने पहिला घोट घेऊन "पेरू!" असं म्हटलं, आणि आम्ही चौघं एकमेकांकडे बघून हसलो, ते का, हे तिला कळलं नाही. भाऊजींनी हट्टाने दिवाणातलीही एक वर आणली होती. ती बहुतेकांनी ओठाला लावून खाली ठेवली. अपवाद साताऱ्याचे मामा. वय 78, आयुष्यात वाइन पहिल्यांदाच. त्यांनी दोन्ही चाखल्या, थोडा विचार केला आणि जुनीचा ग्लास पुढे केला. "ही घाला. ती दुसरी आंबट आहे." मी त्यांना आयोडीनची गोष्ट सांगायला तोंड उघडलं होतं. जाऊबाईंनी मला चिमटा काढला.

दिवाणातल्या बाकीच्या सातांपैकी दोन जाऊबाईंनी कोलंबीच्या रश्शात जिरवल्या आणि रस्सा खरोखर चांगला झाला. चार मामांबरोबर साताऱ्याला गेल्या. उरलेली एक भाऊजींनी ठेवली आहे, लेबलावर पेनने '2016, दहावी' असं लिहून. ती प्यायची नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

2025 च्या मे महिन्यात मी बदलापूरला गेले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुपारी वीज गेली होती. पाहुण्यांसाठी उशी काढायला मी दिवाण उघडला, तर गोधड्यांखाली नवा खोका. वर चिकटपट्टी, पावती तशीच चिकटलेली, फेब्रुवारीची. माझ्याच नाशिकच्या फेरीत गाडीच्या डिकीतून आलेला असणार. तेव्हा "थोडी द्राक्षं घेतलीत" असं मला सांगण्यात आलं होतं. मी हात लावून पाहिला. खोका कोमट होता.

भाऊजी दारात उभे होते.

"ही रेड आहे, वहिनी," ते म्हणाले. "रेड मुरते."